तेरा केबीची सही, १२८ केबीची जागा

स्पर्धा परीक्षेचा अर्ज भरायचा म्हटलं की वऱ्हाडातल्या पोरापोरींना दोन मापं तोंडपाठ असतात. फोटो २० ते ५० केबीच्या आत, सही १० ते २० केबीच्या आत. बँकेची भरती असो की दुसरी कुठली, बहुतेक ऑनलाइन अर्जांत असेच आकडे समोर येतात. या मापात बसवण्यासाठी सेवा केंद्रातला चालक फोटो कातरतो, त्याचा दर्जा उतरवतो, ५३ केबीचा आकडा ४९ वर आणतो. चार केबीसाठी चेहरा थोडा धूसर झाला तरी चालवून घेतो. मग तीच फाइल तो आपल्याकडे जपून ठेवायला ६४ जीबीच्या पेनड्राइव्हमध्ये टाकतो, आणि तिथे तेरा केबीची सही १२८ केबी जागा अडवून बसते.

वरची काटकसर आणि खालची नासाडी यांचा हिशेब सहसा कुणी एकत्र मांडत नाही. अकोला आणि अमरावती या दोन जिल्ह्यांत तो मांडायला आता सबळ कारण आहे. सातबारा, फेरफार, दाखले, जुने अभिलेख असा इथला मोठा कागद गेल्या दोन दशकांत संगणकात गेला, आणि हा जवळजवळ सगळा लहान लहान फायलींचा माल आहे. लहान फायलींच्या बाबतीत डिस्क किती मोठी आहे यापेक्षा ती कोणत्या मापाच्या तुकड्यांत कापली आहे, याला जास्त महत्त्व असतं. त्या तुकड्याला क्लस्टर म्हणतात. पेनड्राइव्ह फॉरमॅट मारताना विंडोजच्या खिडकीत ‘अलोकेशन युनिट साइझ’ नावाची एक ओळ दिसते, ती याचीच. बहुतेक जण तिला हात न लावता पुढे जातात.

आधी मूळ व्यवहार समजून घेऊ. डिस्कवरचं सगळ्यात लहान घर म्हणजे सेक्टर. तो वर्षानुवर्षं ५१२ बाइटचा होता, २०१० च्या आसपासपासून नव्या हार्ड डिस्कवर ४,०९६ बाइटचा झाला. ऑपरेटिंग सिस्टीम प्रत्येक सेक्टरचा वेगळा हिशेब ठेवत नाही. काही सेक्टर मिळून एक क्लस्टर करते आणि जागा देताना पूर्ण क्लस्टरच देते. बाजार समितीच्या गोदामात ठरावीक मापाचे कप्पे असावेत आणि एका शेतकऱ्याची तूर दुसऱ्याच्या तुरीत मिसळायची नाही असा नियम असावा, तसं हे आहे. कुणाची तूर कप्पाभर असो की पसाभर, कप्पा त्याच्याच नावे लागतो. फाइल एका बाइटची असली तरी एक क्लस्टर तिचा. क्लस्टर ४ केबीचा आणि फाइल ४ केबी एक बाइटची असली, तर दोन क्लस्टर तिचे.

यातून एक ढोबळ नियम निघतो. फायली क्लस्टरपेक्षा बऱ्याच मोठ्या असतील, तर प्रत्येक फाइलमागे सरासरी अर्धा क्लस्टर वाया जातो, कारण शेवटचा क्लस्टर कधी काठोकाठ भरतो, कधी जेमतेम. म्हणजे नासाडी ठरते ती फायलींच्या संख्येने आणि क्लस्टरच्या मापाने. एकूण डेटा किती याच्याशी तिचा थेट संबंध नाही. आणि फाइल क्लस्टरपेक्षाही लहान असेल तर अर्ध्याचा नियमही उरत नाही, जवळजवळ सगळाच क्लस्टर रिकामा राहतो. सहीचं तेच होतं.

मग क्लस्टर मोठे करतातच कशाला? कारण प्रत्येक क्लस्टरची नोंद कुठेतरी ठेवावी लागते. एक टीबीच्या डिस्कचे ४ केबीचे तुकडे केले तर ते २६ कोटी ८४ लाखांहून अधिक होतात. फॅट३२ या फाइल सिस्टीममध्ये, म्हणजे फायली मांडण्याच्या पद्धतीत, प्रत्येक तुकड्यामागे ४ बाइटची नोंद असते, म्हणजे नुसती नोंदवहीच १ जीबीची. क्लस्टर ३२ केबीचा केला की तीच वही १२८ एमबीवर येते. विंडोजच्याच एनटीएफएस पद्धतीत मोकळ्या-भरल्याची खूण एका बिटात होते, त्यामुळे त्याच डिस्कला ३२ एमबी पुरतात. शिवाय क्लस्टर मोठा असला की मोठी फाइल कमी ठिकाणी विखुरते, वाचायला सोपी पडते. तेव्हा मोठा क्लस्टर ही चूक मानायचं कारण नाही. तो दुसऱ्या प्रकारच्या मालासाठी केलेला कप्पा आहे.

वऱ्हाडात ज्यांनी १९९० च्या दशकात संगणकावर पोट भरलं, त्यांनी या गोष्टीचा सगळ्यात वाईट काळ पाहिला. तेव्हा चालत होती फॅट१६. तिला एका विभागात साधारण ६५ हजारच क्लस्टर मोजता येत. त्यामुळे डिस्क वाढली की क्लस्टर वाढवण्याशिवाय इलाज नव्हता. विभाग १२८ एमबीपर्यंत असेल तर २ केबी, २५६ पर्यंत ४, ५१२ पर्यंत ८, १ जीबीपर्यंत १६ आणि २ जीबीपर्यंत ३२ केबी. दोन जीबीच्या पुढे डॉस आणि विंडोज ९५ ला जाताच येत नव्हतं. लग्नपत्रिका, हँडबिलं, प्रश्नपत्रिका जुळवणाऱ्या डीटीपीवाल्याकडे शेकडो बारीक फायली असत. दीड-दोन केबीचा मजकूर ३२ केबीच्या क्लस्टरमध्ये जाऊन बसे आणि तेव्हाच्या महागड्या डिस्कचा मोठा हिस्सा डोळ्यांदेखत नाहीसा होई.

त्यावर जाणकार तंत्रज्ञांनी काढलेला तोडगा अचूक होता. डिस्कचे तुकडे करायचे. दोन जीबीचा एकच विभाग करण्याऐवजी जरा कमी मापाचे चार केले, तर क्लस्टर ३२ वरून ८ केबीवर येतो. सी, डी, ई, एफ अशी रांग लावायची सवय बऱ्याच अंशी या काळातली. पुढे ऑगस्ट १९९६ मध्ये विंडोज ९५ च्या सुधारित आवृत्तीबरोबर फॅट३२ आली, ८ जीबीपर्यंतच्या विभागाला ४ केबीचा क्लस्टर मिळू लागला आणि हे दुखणं बरंचसं संपलं. सवय मात्र राहिली. आजही आपल्याकडे नवा संगणक विकत घेतला की दुकानदार विचारतो, किती पार्टिशन पाडू? माल वेगळा ठेवायला पार्टिशन पाडा, हरकत नाही. पण जागा वाचते म्हणून पाडत असाल तर ते कारण केव्हाच गेलं. १९९३ साली विंडोज एनटीबरोबर आलेली एनटीएफएस आज १६ टीबीपर्यंतच्या विभागाला आपणहून ४ केबीचाच क्लस्टर देते.

विद्यापीठांत हा प्रश्न त्याआधीच मोजून झाला होता. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात मॅककुसिक, जॉय, लेफ्लर आणि फॅब्री यांनी १९८४ साली युनिक्ससाठी नव्या फाइल सिस्टीमवर निबंध लिहिला. आपल्याच यंत्रांवरच्या खऱ्या फायली घेऊन त्यांनी नासाडी मोजली. युनिक्समध्ये क्लस्टरला ब्लॉक म्हणतात. फायलींच्या नोंदी धरून ५१२ बाइटच्या ब्लॉकला ६.९ टक्के, १,०२४ ला ११.८, २,०४८ ला २२.४ आणि ४,०९६ ला तब्बल ४५.६ टक्के. ब्लॉक मोठा केला की वेग वाढतो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, पण जवळजवळ अर्धी डिस्क त्यापायी घालवायची त्यांची तयारी नव्हती. म्हणून त्यांनी ब्लॉक मोठा ठेवला आणि फाइलीच्या शेपटीसाठी, म्हणजे शेवटच्या अपुऱ्या भागासाठी, त्याच ब्लॉकचे लहान तुकडे करून ते वेगवेगळ्या फायलींना वाटून दिले. माझ्या मते या साऱ्या विषयातली ही सगळ्यात सुंदर तडजोड आहे. पुढे लिनक्सवर रायझरएफएसने शेपट्या एकत्र बांधल्या, बीटीआरएफएसने अगदी लहान फाइल नोंदीतच सामावून घेतली. मूळ विचार तोच.

याच्या उलट बाजूचा पुरावाही तितकाच दमदार आहे. ॲम्स्टरडॅमच्या फ्राये विद्यापीठातले अँड्र्यू टॅननबाम, ज्यांचं ऑपरेटिंग सिस्टीमवरचं पुस्तक आपल्याकडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतही वाचलं जातं, त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या विद्यापीठातल्या फायली मोजल्या. ४ केबीच्या ब्लॉकवर पाहिलं तर ९३ टक्के ब्लॉक सगळ्यात मोठ्या १० टक्के फायलींनी व्यापलेले निघाले. म्हणजे डिस्क भरतात त्या मूठभर मोठ्या फायली. बाकीच्या असंख्य लहान फायलींच्या शेपट्यांत किती वाया गेलं, याने एकूण हिशेबात फारसा फरक पडत नाही.

मग खरं कोण? दोघेही. बर्कलीच्या यंत्रांवर प्रोग्रामचे मजकूर आणि पत्रं होती, नंतरच्या यंत्रांवर मोठ्या फायली आल्या. तुमच्या घरच्या लॅपटॉपवर चार सिनेमे आणि लग्नाचा व्हिडिओ असेल, तर टॅननबाम यांचं म्हणणं तुम्हाला लागू. सेतूच्या किंवा सेवा केंद्राच्या संगणकावर सिनेमे नसतात. तिथे नुसते फोटो, सह्या, आधारची प्रत, दाखले. तिथली गणितं बर्कलीच्या बाजूने झुकतात.

एका अर्जाचं दप्तर घेऊन पाहू. फोटो ३४ केबी, सही १३, आधारची प्रत १८१, शाळा सोडल्याचा दाखला २१०, उत्पन्नाचा दाखला ९५. बेरीज ५३३ केबी. संगणकाच्या डिस्कवर, म्हणजे ४ केबीच्या क्लस्टरवर, हे दप्तर अनुक्रमे ३६, १६, १८४, २१२ आणि ९६ असं मिळून ५४४ केबी घेतं. अकरा केबी वाया, दोन टक्के. हे सोडून द्यावं.

आता तेच फॅट३२ च्या ३२ केबी क्लस्टरवर टाकू. ६४, ३२, १९२, २२४, ९६. बेरीज ६०८. इथे १४ टक्के जातात.

आणि तेच ६४ जीबीच्या पेनड्राइव्हवर. ३२ जीबीच्या वरच्या पेनड्राइव्हवर सहसा एक्सफॅट ही फाइल सिस्टीम असते, आणि ३२ जीबीच्या पुढे एक्सफॅट आपणहून १२८ केबीचा क्लस्टर घेते. फोटोला १२८, सहीला १२८, आधारला २५६, शाळेच्या दाखल्याला २५६, उत्पन्नाच्या दाखल्याला १२८. एकूण ८९६. चालक नीटनेटका असेल तर प्रत्येक अर्जदाराच्या नावाचं वेगळं फोल्डर करतो, आणि एक्सफॅटमध्ये फोल्डरलाही किमान एक क्लस्टर लागतो. आणखी १२८. झाले १,०२४ केबी, बरोबर १ एमबी. मूळ कागद ५३३ केबीचे. असे ५,००० अर्ज साठले तर अडीच जीबीचा माल पाच जीबीच्या जवळ जातो.

हे पडताळायला कुठलं खास सॉफ्टवेअर लागत नाही. फोल्डरवर उजवी टिचकी मारून ‘प्रॉपर्टीज’ उघडा. ‘साइझ’ आणि ‘साइझ ऑन डिस्क’ अशा दोन ओळी एकाखाली एक दिसतात. पहिली कागदाची, दुसरी अडवलेल्या जागेची. एकच फोल्डर आधी संगणकावर आणि मग पेनड्राइव्हवर असं तपासलं की पहिला आकडा तोच राहतो, दुसरा फुगतो. फोल्डरांनी खाल्लेले क्लस्टर मात्र या दुसऱ्या ओळीतही धरलेले नसतात, ते वेगळे जातात. नेमका क्लस्टर किती, हे ‘चेकडिस्क’ आज्ञा दिली की अहवालाच्या शेवटी ‘अलोकेशन युनिट’ म्हणून येतं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण तो अकोल्याच्या टॉवर चौकापासून अमरावतीच्या राजकमल चौकापर्यंत सगळीकडे ऐकू येतो. “भाऊ, चौसष्टचा घेतला अन् एकोणसाठच दाखवते, बाकीचा कुठी गेला?” त्याचा क्लस्टरशी काही संबंध नाही. कंपनी जीबी मोजते हजाराच्या पटीत आणि विंडोज मोजते १,०२४ च्या पटीत. ६४ अब्ज बाइट विंडोजच्या मापात ५९.६ होतात, ५०० जीबीची डिस्क ४६५ दाखवते. पेनड्राइव्ह रिकामा असतानाच दिसणारी तूट ही. क्लस्टरची तूट माल भरू लागल्यावर दिसते, आणि जितक्या फायली जास्त तितकी ती वाढत जाते. दुकानदाराशी भांडायच्या आधी हे दोन हिशेब वेगळे केलेले बरे.

सेवा केंद्राचा पेनड्राइव्ह फुगला तर नुकसान फार तर दुसऱ्या पेनड्राइव्हच्या किमतीचं. जुन्या जमीन अभिलेखांचं तसं नाही. महाराष्ट्र शासनाच्या महसूल विभागाने ई-अभिलेख कार्यक्रमात जुने सातबारे, फेरफार, खाते उतारे स्कॅन करून लोकांना घरबसल्या पाहायला दिले. सुरुवातीला ज्या सात जिल्ह्यांत ही सोय झाली त्यांत अकोला आणि अमरावती दोन्ही होते. बाकीचे पाच म्हणजे धुळे, मुंबई उपनगर, नाशिक, रायगड आणि ठाणे. राज्यभर मिळून सुमारे ३० कोटी जुने उतारे अशा रीतीने उपलब्ध करण्याचं उद्दिष्ट सांगितलं गेलं. तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात नकलेसाठी अर्ज करून थांबणाऱ्या माणसाला यातून किती सुटका मिळते, ते वऱ्हाडात वेगळं सांगायला नको.

३० कोटींचा आकडा घेऊन नुसतं गणित करून पाहू. एक उतारा म्हणजे एक फाइल धरली आणि ४ केबीच्या क्लस्टरवर ठेवली, तर फाइलमागे २ केबीप्रमाणे वाया जाणारी जागा ५७० जीबीच्या आसपास येते. एका साध्या डिस्कवर मावेल एवढी. त्याच फायली ६४ केबीच्या क्लस्टरवर ठेवल्या तर फाइलमागे ३२ केबी धरून हीच जागा नऊ टीबीच्या घरात जाते. सोळापट. माल तोच, कागद तेच.

६४ केबी हा आकडा हवेतून घेतलेला नाही. एसक्यूएल सर्व्हरसारख्या डेटाबेसच्या फायलींसाठी मायक्रोसॉफ्टची शिफारस ६४ केबी क्लस्टरचीच आहे, आणि तिथे ती योग्यही आहे, कारण डेटाबेसची फाइल एकटीच काही जीबींची असते. गडबड होते ती त्याच सवयीने स्कॅनच्या सुट्या फायलींची डिस्कही ६४ केबीवर फॉरमॅट केली तर. शिवाय साठवण मोठी झाली की एनटीएफएस स्वतःच क्लस्टर वाढवते. १६ टीबीच्या पुढे ८ केबी, ३२ च्या पुढे १६, ६४ च्या पुढे ३२, आणि १२८ टीबीच्या पुढे ६४. एकच प्रचंड विभाग करायचा मोह त्यामुळे लहान फायलींना महाग पडतो.

स्कॅनचं पान किती मोठं यावरही बरंच अवलंबून आहे. काळ्या-पांढऱ्या दोनच छटांत स्कॅन करून फॅक्सच्या जी-४ पद्धतीने दाबलेलं साधं पान ४० केबीत बसू शकतं. असं पान ६४ केबीच्या क्लस्टरमध्ये ठेवलं तर त्याच्या सहा दशांश इतकी आणखी जागा जाते. रंगीत जेपीईजीचं पान काहीशे केबींचं असतं, तिथे हाच क्लस्टर फारसा बोचत नाही. पण यातून ‘पान आणखी दाबा’ असा निष्कर्ष कुणी काढू नये. जुन्या उताऱ्यावरची शाई विटलेली असते, शेऱ्याच्या रकान्यात बारीक अक्षरात कूळ, गहाण, वाटणी यांची नोंद असते, काही ठिकाणी मोडी असते. दोन छटांच्या स्कॅनमध्ये अशी पुसट ओळ साफ नाहीशी होऊ शकते. ज्या शेतकऱ्याचा हक्क त्या ओळीवर अडला आहे, त्याला डिस्क किती वाचली याच्याशी काय करायचं? जागा वाचवायची तर आधी क्लस्टरमध्ये आणि फायली बांधायच्या पद्धतीत शोधावी. चित्राच्या दर्जाला हात सगळ्यात शेवटी लावावा, आणि अभिलेखांच्या बाबतीत तर लावूच नये.

मेळघाटातली परिस्थिती याच्या अगदी उलट. व्याघ्र प्रकल्प १९७३ साली सुरू झाला तेव्हा निवडलेल्या पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाट होतं, आणि त्याचं क्षेत्र संचालकांचं कार्यालय अमरावतीत आहे. वाघांची मोजणी आता झाडाला बांधलेल्या कॅमेऱ्यांवर चालते. त्यातलं एक छायाचित्र २ एमबीचं धरलं, तर ३२ केबीच्या क्लस्टरवर सरासरी नासाडी एका टक्क्याच्याही आत, १२८ केबीवर तीन टक्के. इथे मोठा क्लस्टर बिनधास्त वापरावा. लग्नाचं चित्रीकरण करणाऱ्यांनीही. त्यांची खरी अडचण वेगळी आहे. फॅट३२ ला ४ जीबीपेक्षा मोठी फाइल झेपत नाही, म्हणून लांब चित्रीकरणाचे तुकडे पडतात. ३२ जीबीच्या वरच्या एसडी कार्डांना एक्सफॅट ठरवून दिली गेली, तिथे ही अडचण मिटली. फक्त जुन्या टीव्हीला लावायचा पेनड्राइव्ह असेल तर फॅट३२ च ठेवा, कारण अनेक जुने टीव्ही दुसरं काही ओळखत नाहीत.

सगळ्यात टोकाचं उदाहरण हवामानाच्या नोंदींचं. शेतीच्या या पट्ट्यात, जिथे अकोल्यात १९६९ पासून कृषी विद्यापीठ आहे आणि पावसाच्या खंडावर कपाशी-सोयाबीनचं वर्ष ठरतं, तिथे स्वयंचलित हवामान यंत्रं आता नवी राहिलेली नाहीत. समजा, एखादं यंत्र दर तासाला ३०० बाइटची एक मजकूर फाइल लिहितं. वर्षात ८,७६० फायली, खरा डेटा अडीच एमबी. ४ केबीच्या क्लस्टरवर तो ३४ एमबी होतो. १२८ केबीच्या एक्सफॅट कार्डावर एक जीबीच्याही वर जातो, म्हणजे चारशेपटीहून जास्त. आणि एनटीएफएसवर? तिथे मौज आहे. एनटीएफएस प्रत्येक फाइलसाठी मुख्य नोंदवहीत साधारणपणे १ केबीची नोंद ठेवते, आणि फाइल सुमारे ७०० बाइटच्या आत असेल तर तिचा मजकूर त्या नोंदीतच बसवते. क्लस्टर देतच नाही. प्रॉपर्टीजमध्ये ‘साइझ ऑन डिस्क’ चक्क शून्य दिसतो. कुणाला तो बिघाड वाटतो, पण हिशेब बरोबर असतो. अर्थात तासाला वेगळी फाइल न लिहिता दिवसाची किंवा महिन्याची एकच लिहिली, तर हा सगळा प्रश्नच उरत नाही. यंत्र बसवणाऱ्याशी पहिल्याच दिवशी हे बोलून घ्यावं.

मराठी मजकुराबद्दलही एक भीती ऐकू येते. युनिकोडमध्ये मराठी तिप्पट जागा खाते, म्हणून जुने फाँटच बरे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात हे खरं. काना-वेलांटी धरून ‘अमरावती’ २१ बाइटची, ‘अकोला’ १५ बाइटचा. पण क्लस्टर ४ केबीचा असेल तर साधारण साडेतेराशे चिन्हांपर्यंतचा मजकूर एकाच क्लस्टरमध्ये मावतो. ग्रामपंचायतीचं एक पानाचं पत्र जुन्या फाँटात दीड केबीचं असो की युनिकोडमध्ये साडेतीन केबीचं, डिस्कवर दोघांनाही ४ केबीच लागणार. आणि वर्डची नवी फाइल तर आतून झिप केलेलीच असते. शोधता न येणारा, दुसऱ्या यंत्रावर उघडला की चिन्हांचा खिचडा होणारा मजकूर जागेच्या नावाखाली सांभाळून ठेवायला काहीही आधार नाही. जुन्या फाँटांत अडकलेला वऱ्हाडातला कितीतरी मजकूर आज वाचता येत नाही, हे नुकसान कुठल्याही डिस्कपेक्षा मोठं आहे.

एवढं वाचून कुणी उठून क्लस्टर ५१२ बाइटवर आणायला निघेल, त्याला थांबवलं पाहिजे. एनटीएफएस तशी मुभा देते, पण आजच्या डिस्कचा सेक्टरच आतून ४,०९६ बाइटचा आहे. त्याहून लहान लिहायचं तर डिस्कला आधी पूर्ण सेक्टर वाचून, बदलून परत लिहावा लागतो. एसएसडी आणि पेनड्राइव्हमधल्या फ्लॅश स्मृतीचं पान बहुधा त्याहूनही मोठं असतं, बारीक बारीक लिहिल्याने तिची झीज वाढते. ४ केबी हा खालचा टप्पा धरून चालावं. याउलट एनटीएफएसची स्वतःची फाइल दाबायची सोय हवी असेल तर क्लस्टर ४ केबीच्या वर नेऊ नये, त्यावर ती चालत नाही. लिनक्सवर ईएक्सटी ४ चा ब्लॉक सहसा ४ केबीचाच असतो, तिथे फारसा विचार करावा लागत नाही.

पेनड्राइव्हचं काय? ६४ जीबीचा पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्येच ठेवून क्लस्टर ४ केबी निवडता येतो. दप्तराचं वरचं उदाहरण त्यावर फोल्डरसकट ५४८ केबीत बसेल. मात्र चालू फॉरमॅटमध्ये हे माप बदलायची सोय विंडोजमध्ये नाही. माल दुसरीकडे काढा, फॉरमॅट मारा, परत टाका. परत टाकताना लक्षात येईल की पाच हजार अर्जांचे पंचवीस हजार सुटे कागद जायला जो वेळ लागतो तो एका मोठ्या फाइलीला लागत नाही, कारण प्रत्येक फाइलीमागे नोंद करायचं काम वेगळं असतं. म्हणून माझा कल क्लस्टरशी झुंजण्यापेक्षा फायली बांधण्याकडे आहे. काम संपलेले महिन्याचे अर्ज एका झिपमध्ये घातले की पंचवीस हजार शेपट्यांच्या जागी एकच शेपटी राहते, क्लस्टर ४ चा असो की १२८ चा. फोटो आणि पीडीएफ आधीच दाबलेले असल्याने झिपमुळे त्यांचा आकार फारसा घटत नाही. वाचते ती क्लस्टरमधली जागा आणि नकलेचा वेळ. उलट बाजू इतकीच की झिपमधला एखादा भाग बिघडला तर त्रास अनेक कागदांना होऊ शकतो, म्हणून दोन प्रती दोन वेगळ्या जागी ठेवाव्यात. आणि त्यातल्या आधारच्या प्रती लोकांच्या आहेत, आपल्या नाहीत. काम झाल्यावर त्या ठेवायच्याच कशाला, हा प्रश्न जागेच्या आधी येतो.

कार्यालयांसाठी गोष्ट थोडी वेगळी आहे. तिथे एकेक उतारा चटकन शोधून दाखवायचा असतो, त्यामुळे सगळं झिपमध्ये कोंबून चालत नाही. तिथे चालणारा मार्ग म्हणजे एका गावाची किंवा एका नोंदवहीची पानं एकाच अनेकपानी पीडीएफमध्ये बांधणं आणि कुठला गट कुठल्या पानावर, याची अनुक्रमणिका डेटाबेसमध्ये ठेवणं. स्कॅनिंगचं काम देताना किती बिंदूंच्या घनतेने स्कॅन करायचं आणि फाइल कुठल्या प्रकारची हवी, हे करारात लिहावं लागतंच. त्याच पानावर आणखी तीन ओळी लिहून घ्याव्यात. फायली सुट्या येणार की बांधून, साठवणीचा क्लस्टर किती, आणि हाती येताना ‘साइझ’ व ‘साइझ ऑन डिस्क’ हे दोन्ही आकडे तपासून सही कोण करणार. डिस्क भरून वाहू लागल्यावर हे बदलायचं तर कोट्यवधी पानं हलवावी लागतात. पहिली डिस्क फॉरमॅट होण्याआधी ठरवलं तर पाच मिनिटं लागतात.